शिकार क्लबात पद घेताना: विस्कॉन्सिनमधल्या नव्या मराठी कार्यकर्त्यांसाठी

फेब्रुवारीत इथली तळी गोठतात आणि बर्फ इतका जाड होतो की त्यावरून माणसं निर्धास्त चालतात. त्या दिवसांत आमच्या क्लबातली दहाबारा मंडळी ऑगर म्हणजे बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, घण आणि लाकडी छिलप्यांची पोती घेऊन तळ्यावर जातात. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून लोखंडी खांब खालच्या गाळात ठोकायचा आणि त्यावर वुड डक या बदकासाठी घरट्याची पेटी बसवायची. उन्हाळ्यात हेच काम होडीतून करावं लागतं आणि दुप्पट वेळ खातं. बारा वर्षांपूर्वी मी क्लबात पहिल्यांदा गेले ती या कामाला. तिसऱ्या फेब्रुवारीत मी बर्फावर उभी असतानाच एका वयस्क सभासदाने विचारलं, "चिटणीसपद घेशील का?"

मॅडिसनच्या पश्चिमेला, डोंगर-दऱ्यांच्या ड्रिफ्टलेस भागात आणि उत्तरेकडच्या लहान गावांत असे पुष्कळ क्लब आहेत. कुठे नावात रॉड अँड गन असतं, कुठे स्पोर्ट्समन्स, कुठे कन्झर्वेशन. बहुतेक ठिकाणी कारभार पाहणारी माणसं साठी-सत्तरीची आहेत आणि त्यांना पुढची माणसं हवी आहेत. आपली मराठी मंडळी आता या गावांत घरं घेतात, मुलांना तिरंदाजी शिकवायला क्लबात नेतात, आणि मग हाच प्रश्न त्यांच्यापुढेही येतो. हो म्हणावंसं वाटत असेल, तर काय काय करावं लागतं ते मी क्रमाने सांगते. मी सहा वर्षं चिटणीस होते, त्यानंतर अध्यक्ष झाले.

पहिली पायरी: शिकार आणि संवर्धन एकत्र का, ते समजून घ्या

माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आमच्या गावापासून जवळ, आणि शिकार म्हणजे गुन्हा हे आम्ही लहानपणीच शिकलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात ते बरोबरच होतं. त्यामुळे शिकारी लोक जंगल राखतात हे वाक्य ऐकलं की आपल्याला खटकतं. हे खटकणं मनात दाबून पद घेऊ नका. आधी इथला इतिहास वाचा.

या राज्यानेही सगळं गमावून पाहिलं आहे. १८७१ साली विस्कॉन्सिनच्या मध्यभागात पॅसेंजर पिजन या कबुतरांची प्रचंड वसाहत बसली होती. बाजारासाठी बंदुका आणि जाळी घेऊन माणसं आली. १८९९ मध्ये बॅबकॉकजवळ राज्यातलं शेवटचं रानातलं कबुतर मारलं गेलं, आणि १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात या जातीतला जगातला शेवटचा पक्षी मेला. रानटर्की तर विस्कॉन्सिनमधून १८८१ पर्यंतच संपली होती. आज तुमच्या अंगणातून ज्या टर्की फिरतात त्या १९७६ मध्ये मिसुरीहून आणून व्हर्नन काउंटीत सोडलेल्या पक्ष्यांच्या वंशातल्या. त्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला रफ्ड ग्राउस हे रानपक्षी दिले.

हे घडवायला पैसा लागला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली, शॉटगन आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. तो पैसा राज्यांना मिळतो, पण एक अट आहे: शिकार परवान्यांची फी राज्याने वन्यजीव खात्याबाहेर वळवायची नाही. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला १९३४ पासून डक स्टॅम्प (केंद्र सरकारचं तिकीट) घ्यावा लागतो. आज तो २५ डॉलरला मिळतो आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा राखण्याकडे जातात. शिकार न करणाऱ्यालाही तो विकत घेता येतो. मी पहिला घेतला तेव्हा माझ्याकडे बंदूक नव्हती.

आल्डो लिओपोल्ड यांचं नाव तुम्ही क्लबात पहिल्याच महिन्यात ऐकाल. ते स्वतः शिकारी होते आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत. १९३५ मध्ये बाराबूजवळ त्यांनी नापीक झालेलं एक शेत घेतलं, तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याची झोपडी केली आणि कुटुंबासह हजारो झाडं लावली. १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना ते गेले. ती झोपडी अजून आहे, एकदा जाऊन या. आमच्याकडे नव्या पदाधिकाऱ्यांना आम्ही तिथे नेतो.

दुसरी पायरी: स्वतःचे कागद तपासा

हा भाग आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि क्लबातल्या कोणालाही तो माहीत नसतो, कारण त्यांच्यावर ती वेळच आलेली नसते.

केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. याला काही अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असणं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. बाळगणं या शब्दाचा अर्थ बंदूक विकत घेणं एवढाच नाही. क्लबाच्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, मित्राची रायफल दोन मिनिटं हातात घेतली तरी प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रेंजची किल्ली, शस्त्रांच्या कपाटाची किल्ली आपल्याकडे घेऊ नका. इतिवृत्त लिहिणं, हिशेब ठेवणं, पेट्या साफ करणं या कामांना बंदूक लागत नाही. आमच्याकडे एक खजिनदार चार वर्षं असेच राहिले.

दुसरा कागद हंटर एज्युकेशनचा. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये शिकार परवाना घ्यायचा तर हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरात राहून करायची शिकार सोडल्यास. तुम्ही शिकार करणार नसाल तरी करा. मी शाकाहारी घरातली. त्या वर्गात बारा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसून मी जे शिकले त्याशिवाय मला रेंजच्या नियमांवर सभेत एक शब्दही बोलता आला नसता.

तिसरी पायरी: वर्षभर नुसती कामं करा

पद लगेच देऊ केलं तरी एक पूर्ण वर्ष मागून घ्या. क्लब म्हणजे नोव्हेंबरमधली हरणांची शिकार अशी बाहेरून समजूत असते. बंदुकीचा तो हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवसांत संपतो. उरलेल्या वर्षात क्लब काय करतो ते पाहिल्याशिवाय त्याचं नेतृत्व करता येत नाही.

आमचं वर्ष असं जातं. फेब्रुवारीत पेट्या. मार्च-एप्रिलमध्ये गवताळ प्रेअरीवर नियंत्रित आग, अर्थात प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली आणि परवाना घेऊन. मे महिन्यात गार्लिक मस्टर्ड हे परकं तण बी धरण्याआधी मुळासकट उपटायचं आणि पिशवीत भरून न्यायचं. तिथेच टाकलं तर उपटलेल्या झाडावरही बी पिकतं. उन्हाळ्यात रेंज, मुलांची तिरंदाजी, मासेमारीचे दिवस. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हंटर एज्युकेशनचे वर्ग. ऑक्टोबरपासून बकथॉर्नची झुडपं तोडायची, कारण बाकी झाडांची पानं गळली तरी तिची हिरवी राहतात आणि ओळखू येतात.

पेट्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाला पहिल्यांदा हेच काम मिळतं. वुड डकच्या पेटीचं भोक आडवं लंबगोल असतं, चार इंच रुंद आणि तीन इंच उंच. हे बदक बाहेरून काडी-गवत आणत नाही, म्हणून तळाला तीन-चार इंच छिलपे आपणच घालायचे, दर हिवाळ्यात जुने काढून नवे. आतल्या बाजूला, भोकाच्या खाली, खडबडीत जाळी किंवा खाचा हव्यात, नाहीतर एक दिवसाच्या पिल्लांना चढून बाहेर पडता येत नाही. आणि खांबावर पत्र्याचा शंकू लावायचाच. मी पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात नऊ पेट्या शंकूशिवाय लावल्या. पुढच्या हिवाळ्यात उघडल्या तर सात पेट्यांत नुसती फुटकी टरफलं. रॅकूनला ताटात वाढून दिल्यासारखं झालं होतं. ज्या पेटीची देखभाल जमणार नाही ती लावू नये, हा नियम मी तेव्हा वहीत लिहिला आणि तो क्लबात अजून पाळला जातो.

चौथी पायरी: पद निवडा

आपल्याकडे गणेश मंडळ किंवा पतपेढी पाहिलेल्याला रचना ओळखीची वाटेल: अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि संचालक मंडळ. शिवाय रेंज, जमीन, युवक, सोडत अशा समित्यांचे प्रमुख. सगळे बिनपगारी.

नव्या माणसाने चिटणीसपद घ्यावं असं माझं ठाम मत आहे. सगळे ठराव तुमच्या हातून लिहिले जातात, त्यामुळे वर्षभरात क्लबाची नस कळते. इतिवृत्तात कोण काय बोललं ते लिहू नका. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, मतं किती पडली आणि पुढचं काम कोणाकडे, कधीपर्यंत, एवढंच लिहा. गणसंख्या होती की नाही ते पहिल्या ओळीत यायला हवं. क्लबाची घटना, म्हणजे बायलॉज, पद घेण्याआधी दोनदा वाचा. आमच्या घटनेत जमीन विकायला दोन-तृतीयांश मतं लागतात हे एका वादाच्या सभेत फक्त मला माहीत होतं, आणि ती जमीन आज क्लबाकडे आहे.

भाषेची भीती बाळगू नका. माझे उच्चार पहिल्या वर्षी काहींना कळत नसत, म्हणून मी इतिवृत्त सभेनंतर तीन दिवसांच्या आत सगळ्यांना पाठवू लागले. लिहिलेलं नेमकं असलं की लोक तुम्हाला विचारायला येतात.

तास मोजणं हेही चिटणीसाचं काम, आणि ते कंटाळवाणं समजून टाळू नका. पिटमन-रॉबर्टसनच्या पैशातून राज्याला खर्चाच्या ७५ टक्के मिळतात, २५ टक्के राज्याने घालायचे असतात. हंटर एज्युकेशनच्या बिनपगारी प्रशिक्षकांचे तास त्या २५ टक्क्यांत धरता येतात. शनिवारी सकाळी तुमच्या प्रशिक्षकाने दिलेले सहा तास कागदावर आले नाहीत, तर तेवढी रक्कम राज्याला मागता येत नाही.

पाचवी पायरी: पैसा

खजिनदार झालात तर पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारा: आपला क्लब कर-कायद्याच्या कोणत्या कलमाखाली नोंदवला आहे? ५०१ सी ३ असेल तर देणगीदाराला करात सवलत मिळते. पण पुष्कळ जुने क्लब ५०१ सी ७ म्हणजे सामाजिक क्लब किंवा सी ४ असतात, आणि त्यांना दिलेल्या देणगीवर सहसा ती सवलत नसते. पावतीवर सवलतीचं वाक्य छापण्याआधी हे तपासा. सी ३ क्लबाने कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. क्लबाच्या फाटकावर पाटी लावू का असं निवडणुकीच्या वर्षी कोणीतरी विचारतंच. उत्तर नाही असं द्यायचं, उमेदवार आपल्या आवडीचा असला तरी.

वर्षाची एकूण जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हा अगदी छोटा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. कॅलेंडर वर्ष धरणाऱ्या क्लबांना मुदत १५ मे. दहा मिनिटांचं काम, पण सलग तीन वर्षं राहिलं तर करमाफीचा दर्जा आपोआप जातो. आमच्याकडे दोन वर्षं राहिला होता. जुने खजिनदार वारले, खात्याचा पासवर्ड त्यांच्या खासगी ईमेलवर येत होता, आणि घरच्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये जुने कागद लावताना माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून क्लबाची सगळी खाती क्लबाच्याच ईमेलवर असतात आणि पासवर्ड दोघांकडे.

पैसे उभे राहतात ते मुख्यतः सोडतीतून, इथे तिला रॅफल म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये तिला राज्याच्या गेमिंग विभागाचा परवाना लागतो. तिकिटं आधीपासून विकायची असतील तर ए वर्ग, त्याच दिवशी विकून त्याच दिवशी सोडत काढायची तर बी वर्ग. ए वर्गाच्या तिकिटावर परवाना क्रमांक छापावा लागतो. बक्षीस म्हणून बंदूक ठेवायची प्रथा आहे. ती क्लबाच्या कपाटात आणूच नका. परवानाधारक दुकानदाराकडे ठेवा, विजेत्याने तिथे जाऊन बंदूक घेणाऱ्याचा ४४७३ हा केंद्रीय फॉर्म भरावा, तपासणी व्हावी आणि मगच ताबा मिळावा. तपासणीत नापास झाला तर काय, हे तिकिटाच्या नियमांत आधीच लिहा.

चेकवर दोन सह्या. दर महिन्याला बँकेचा उतारा खजिनदाराखेरीज दुसऱ्या कोणीतरी पाहायचा. यात अविश्वास नाही. खजिनदारावर कधी शंका येऊ नये म्हणूनच हे करायचं.

सहावी पायरी: प्रत्येक जण घरी पोचला पाहिजे

इथे मी घाई करणार नाही.

हंटर एज्युकेशनमध्ये चार नियम पाठ करून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. आपण कशावर मारतो आहोत आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर ठेवा. पदाधिकारी म्हणून तुमचं काम हे नियम भिंतीवर लावण्याचं नाही, ते मोडणाऱ्याला त्याच क्षणी थांबवण्याचं आहे. तो चाळीस वर्षांपासूनचा सभासद असला, क्लबाची इमारत त्याच्या वडिलांनी बांधलेली असली, तरी. मला हे पहिल्यांदा करावं लागलं तेव्हा माझे हात थरथरत होते. तो माणूस रागावून निघून गेला, आणि पुढच्या सभेत त्याने उठून आभार मानले.

रेंजवर 'सीझ फायर' कोणीही ओरडू शकतो, नवखं पोरसुद्धा. ओरडलं की सगळ्यांनी थांबायचं, बंदूक रिकामी करून उघडी ठेवायची आणि मागे यायचं. लक्ष्यापाशी माणसं गेली असताना कोणी बंदुकीला स्पर्शही करायचा नाही. ही शिस्त ढिली पडते ती गर्दीच्या दिवशी नव्हे, मंगळवारच्या निवांत संध्याकाळी, जेव्हा ओळखीचे चौघेच असतात.

मचाण. इथे झाडावर चढवून बांधलेली पत्र्याची किंवा नळ्यांची बैठक असते, आणि दर हंगामात लोक तिच्यावरून पडतात. पाय जमिनीवरून उचलला त्या क्षणापासून परत जमिनीवर येईपर्यंत पूर्ण अंगाचा पट्टा दोरीला अडकवलेला हवा. बंदूक खांद्याला लावून चढायचं नाही. ती रिकामी करून खाली ठेवायची आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची. क्लबाच्या जमिनीवर कोणाच्या मचाणाचे पट्टे उन्हाने विटले असतील तर ते उतरवण्याचा अधिकार जमीन समितीला द्या, ठराव करून द्या.

हाका घालून शिकार करायची पद्धत इथेही आहे. एक ओळ चालत येते, दुसरी वाट अडवून बसते. नवख्यांना घेऊन आम्ही हाका घालत नाही, हा क्लबाचा ठरावच आहे. बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा गुलाबी असावा असा कायदा आहे, आम्ही पूर्ण जाकीट आणि टोपी मागतो. त्या दिवसांत कुत्र्याला फिरवायला जातानाही मी नारिंगी घालते.

दारू: बंदुका परत कपाटात जाऊन कुलूप लागेपर्यंत एकही बाटली उघडायची नाही. बिअर हा इथल्या जगण्याचा भाग आहे आणि म्हणूनच हे लिहून ठेवावं लागतं. मुलांच्या कार्यक्रमात एकटा मोठा माणूस एका मुलासोबत नको, दोघं हवेतच.

कार्यक्रमाच्या दिवशी मी खिशात एक कार्ड ठेवते. त्यावर जागेचा फायर नंबर असतो. खेड्यातल्या प्रत्येक घराच्या वाटेवर पाटीवर लिहिलेला हा क्रमांक सांगितला की रुग्णवाहिका बरोबर येते. ड्रिफ्टलेसच्या दऱ्यांत फोनला रेंज मिळत नाही, म्हणून कुठल्या टेकाडावर फोन लागतो तेही त्या कार्डावर लिहिलेलं असतं. सकाळी कोण कुठे जाणार आणि किती वाजता परत येणार त्याची यादी गाडीच्या काचेवर. शेवटचं नाव खोडल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही.

सातवी पायरी: हरीण, रोग आणि मांस

२००२ मध्ये माउंट होरेबच्या परिसरातल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. हा प्रिऑनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होणारा रोग. हरीण वाळत जातं, औषध नाही, आणि बाधित जनावर बराच काळ धडधाकट दिसतं. माणसाला झाल्याचा पुरावा नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा सार्वजनिक आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. तपासणी मानेतल्या लसिका ग्रंथींची होते. राज्याच्या निसर्गसंपदा खात्याने जागोजागी ठेवलेल्या पेट्यांत हरणाचं डोकं फॉर्मसह टाकायचं, पैसे लागत नाहीत. अशी एक पेटी क्लबाच्या आवारात असावी म्हणून अर्ज करा. लोक लांब जायचा कंटाळा करतात, वाटेवर असेल तर थांबतात.

मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत करावी लागते. नवख्यांना हे त्याच दिवशी, फोन हातात धरून, करून दाखवा. ज्यांच्या घरी मांस पुरून उरतं त्यांच्यासाठी हरणांच्या मांसदानाची राज्यव्यापी योजना २००० पासून आहे. हरीण ठरलेल्या खाटकाकडे द्यायचं, मांस अन्नछत्रांना जातं, आणि रोग असलेल्या काउंट्यांत ते तपासणीनंतरच वाटलं जातं. आमच्या क्लबाचं मला सगळ्यात आवडणारं काम हे आहे.

आठवी पायरी: शेजारी आणि जुने हक्कदार

ज्यांच्या जमिनीवर तुमचे सभासद जातात त्या शेतकऱ्यांना वर्षातून दोनदा भेटा, एकदा हंगामाआधी आणि एकदा नंतर. दुसऱ्या भेटीला काही मागायला जायचं नाही. कुंपण दुरुस्त करून द्या, पडलेलं झाड कापून द्या. जमिनीवर खेळायला, शिकारीला आलेल्यांच्या अपघाताबद्दल जमीनमालकाला बरंच संरक्षण देणारं ८९५.५२ हे कलम विस्कॉन्सिनच्या कायद्यात आहे. अनेक शेतकऱ्यांना ते ठाऊक नसतं आणि खटल्याच्या भीतीने ते नाही म्हणतात. त्याची प्रत सोबत ठेवा. क्लबाला मात्र स्वतःचा विमा हवाच.

उत्तर विस्कॉन्सिनमध्ये जाणार असाल तर हेही शिकून घ्या. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत जमीन दिली, शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क स्वतःकडे ठेवले. १९८३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ते मान्य केले, त्यानंतर तळ्यांच्या काठांवर ओजिब्वे मासेमारांना शिवीगाळ आणि दगडफेक सोसावी लागली. क्लबातल्या गप्पांत यावर कडवट बोलणं आजही कानावर येतं. पदावर बसलेल्याने तिथे गप्प राहू नये. हे हक्क कोणी मेहेरबानीने दिलेले नाहीत.

नववी पायरी: एप्रिलची सभा

विस्कॉन्सिन कन्झर्वेशन काँग्रेस १९३४ पासून आहे. राज्याच्या ७२ काउंट्यांतून प्रत्येकी पाच प्रतिनिधी निवडले जातात आणि हंगाम, मर्यादा, नियम यांवर ते निसर्गसंपदा मंडळाला सल्ला देतात. दर एप्रिलमध्ये प्रश्न सगळ्यांपुढे मतासाठी येतात. ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. तिथे बोलायला शिकारीचा परवाना लागत नाही, आणि काउंटीतला कोणीही रहिवासी ठराव पाठवू शकतो. पहिल्या वर्षी फक्त ऐका. दुसऱ्या वर्षी क्लबाच्या वतीने एक ठराव न्या, एका पानाचा, एकाच मुद्द्याचा. मी नेलेला पहिला ठराव पडला, कारण त्यात चार मुद्दे कोंबले होते.

दहावी पायरी: पहिल्याच दिवसापासून सोडायची तयारी

पद घेतलं त्या आठवड्यात एक फाइल उघडा. त्यात असावं: घटनेची चालू प्रत, कर नोंदणीचं पत्र, विम्याची पॉलिसी आणि तिची तारीख, बँकेवर सह्या कोणाच्या, सोडतीचा परवाना, किल्ल्या कोणाकडे, पेट्यांचा नकाशा, शेतकऱ्यांची नावं आणि त्यांना काय आवडत नाही ते, आणि दर महिन्याला काय करायचं त्याचं एक पान. पद सोडताना नव्या माणसाबरोबर ती फाइल तीन महिने एकत्र वापरा.

माझी मुदत येत्या जानेवारीच्या सभेत संपते. पुढची अध्यक्ष पोर्टेज गावची एक तरुण नर्स आहे. तिला मी फाइल दिली आहे, पेट्यांच्या नकाशावर एकेचाळीस खुणा आहेत, त्यातल्या सहा खांबांचे शंकू गंजले आहेत. बर्फ धरला की ते आम्ही दोघी बदलणार आहोत. घण माझ्या गाडीत आहे, नवा पत्रा तिने आणायचा आहे.